पानी कितलं शे?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली खानदेशातली लेक रडते ती परत निघताना. आक्का रडली ती साक्रीच्या स्टँडवर एसटीतून उतरताच, भावाच्या हातात पिशवी देता देता. भाऊ गोंधळला. "दाजींशी काही झालं का?" त्याने दबक्या आवाजात विचारलं. काहीच झालं नव्हतं. जळगावहून एरंडोल, पारोळा, धुळे करत ती खिडकीशी बसून आली होती आणि वाटभर तिच्या डोक्यात एकच घोर होता: घरी गेल्यावर सगळ्यांसमोर हसायचं कसं.

गोष्टीतली माणसं कल्पनेतली आहेत, हे आधीच सांगून टाकतो. पांझरा नदी, तिच्यावरचे बंधारे आणि त्यांच्याखालचे फड मात्र खरे आहेत. आक्काचा आजारही खरा, घरोघरी असणारा.

आक्का एक्केचाळीस वर्षांची. जळगावच्या एका शाळेत मराठी शिकवते. नवरा ठिबकच्या दुकानात हिशेब पाहतो, मुलगी आठवीत, घरात सासूबाई. नैराश्याची ही तिची तिसरी खेप. पहिल्यांदा ते बाळंतपणानंतर आलं. तेव्हा त्याला कुणी नाव दिलं नाही; अंगारा लावला, हवापालट म्हणून माहेरी पाठवलं, आणि काही महिन्यांनी ते आपसूक ओसरलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बरं वाटायला लागल्यावर तिने त्या स्वतःच्या मनाने बंद केल्या. एकदा येऊन गेलेलं नैराश्य जवळपास निम्म्या लोकांना पुन्हा गाठतं आणि दुसऱ्या खेपेनंतर ती शक्यता आणखी वाढते, हे तिला ठाऊक नव्हतं. गेल्या हिवाळ्यात ते पुन्हा आलं. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि सकाळ डोंगराएवढी वाटायची. भाकरीला चव नाही. वह्या तपासायला बसली की एकच ओळ चारदा वाचूनही डोक्यात शिरत नसे.

पण याहून जास्त जाच दुसऱ्याच गोष्टीचा होता. आक्काचा उरक नात्यागोत्यात नावाजलेला. उन्हाळ्यात बिबडे, पापड, कुरडया तिने एकहाती काढाव्यात, शाळेचं स्नेहसंमेलन तिने उभं करावं, भाऊबंदांच्या लग्नात कोठीघराची किल्ली तिच्याच कमरेला असावी. आता अंघोळ करून केस विंचरले तरी दिवसभराचं बळ संपायचं. आणि ती जुनी आक्का काही घर सोडून गेली नव्हती. ती उशापायथ्याशी बसून विचारायची, एवढंही होत नाही का तुला?

लोक विचारत ते वेगळंच. "तुला काय कमी आहे?" विचारणाऱ्याला वाटतं, आपण धीर देतोय. ऐकणाऱ्याला तो आरोप वाटतो. घर आहे, नोकरी आहे, नवरा व्यसनी नाही, मग रडायला कारण काय? म्हणजे दुःख तर आहेच, वर त्याचा गुन्हाही आपल्याच माथी.

चैत्रात नवऱ्याने तिला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेलं. जळगावकरांच्या तोंडी ते अजून सिव्हिलच. मानसोपचाराच्या ओपीडीत डॉक्टरबाईंनी आधी रक्त तपासायला सांगितलं, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन. यांतलं काही बिघडलं तरी माणूस असाच गळून जातो. मग झोपेचं, भुकेचं विचारून झाल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?" नवरा दचकला. आक्का म्हणाली, "येतं." हे ती पहिल्यांदाच कुणापाशी बोलत होती. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल अशी भीती पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात उलटंच होतं. विचारणारं माणूस भेटलं की ते ओझं खाली ठेवायला जागा मिळते. डॉक्टरबाईंनी केस पेपरच्या मागे १४४१६ हा नंबर लिहून दिला. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली; रात्री-बेरात्री फुकट लागते आणि मराठीत बोलते. गोळ्या नवऱ्याने स्वतःजवळ ठेवायच्या, असं ठरलं. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, मळमळ मात्र आधी होईल, आणि बरं वाटलं तरी पुढे निदान सहा-नऊ महिने मनाने थांबायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. "तुमची तिसरी वेळ आहे, कदाचित त्याहून जास्त काळ घ्याव्या लागतील," असंही त्या म्हणाल्या.

याच सुमारास एक पाहुणे घरी बसून ज्ञान देऊन गेले. "हळव्या माणसांचं असंच होतं हो. साने गुरुजींचं नाही का झालं?" आक्का काही बोलली नाही, पण ते वाक्य तिच्या मनातून जाईना. गुरुजी ती वर्गात शिकवते. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणारे, वसतिगृहातल्या पोरांची आई झालेले गुरुजी. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ते शब्दन् शब्द उतरवून घेऊन 'गीता प्रवचने' महाराष्ट्राच्या हाती देणारे गुरुजी. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आपलं जीवन संपवलं. ते हळवेपणाच्या खात्यावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. त्यांच्या मनाचं निदान आज कुणी करू नये. पण नैराश्यावरची पहिली औषधं जगात आली ती १९५७ च्या सुमारास, एवढं तरी ध्यानात ठेवावं. त्या काळी अशा अंधारात सापडलेल्या माणसाला ना गोळी होती, ना रात्री फिरवायला नंबर. आणि जीव देण्याचा प्रयत्न फसला तर कायदा शिक्षा करायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे बदललं. असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असं आता कायदाच धरून चालतो आणि त्याची काळजी घेणं सरकारचं काम ठरवतो. पाहुण्यांना यातलं काहीच सांगायचं नव्हतं, फक्त चहा हवा होता.

तर आखाजी. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, गौराईची गाणी चाललेली, ओट्यावर पुरुषांचा पत्त्यांचा डाव, देवघरात पितरांची घागर भरून तिच्यावर डांगर ठेवलेलं. वहिनी खापरावर पुरणाचे मांडे करत होती. आक्काचा हात मांड्याला सराईत, म्हणून तिने कौतुकाने जागा करून दिली. पहिला मांडा आक्काच्या हातावरच फाटला. दुसराही फाटला. वहिनी हसून म्हणाली, "असू द्या, आपणच तर खाणार." आक्का उठली आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. गोळ्या सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. पोटात ढवळत होतं आणि गुणाचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी आबा, तिचे वडील, तिच्या खोलीत आले. "काय व्हयनं माय?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "आबा, मी आता काही कामाची राहिले नाही." आबांना यावर काय बोलावं ते सुचेना. त्यांनाही आधी तेच वाटलं होतं, तुले काय कमी शे? पण ते बोलले नाहीत. "चाल, पाटवर जाऊत," एवढंच म्हणाले आणि चपला घालून निघाले.

पांझरेकाठी फड म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. नदीवर जागोजाग दगडी बंधारे घातलेले. प्रत्येक बंधाऱ्यातून एक पाट निघतो आणि त्या पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडलेले असतात, तेच फड. एका फडात एका हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही, आणि दरसाल फिरवाफिरव. बहुतेक प्रत्येक घराचा तुकडा प्रत्येक फडात असतो. कुठला फड भिजवायचा, कुठला कोरडा ठेवायचा हे गाव बसून ठरवतं. पाणी वाटतो तो पाटकरी, आणि त्याचा मेहनताना धान्यात. तीन-चारशे वर्षं हे सरकारी कागदाशिवाय चाललं. धुळ्याला नेमणूक झालेले तरुण अभियंते विश्वेश्वरय्या याच नदीवर काम करून गेले. पुढे विहिरी आल्या, मोटारी आल्या, बोअर झाल्या. ज्याचं पाणी त्याच्या दारात आलं आणि पुष्कळ फड मोडले. आबांच्या गावचा अजून कसाबसा चालतो.

आबा विशीत असताना त्यांचे वडील पाटकरी होते आणि आबा त्यांच्या हाताखाली. पाटाच्या कडेने चालताना रस्त्यालगतचं एक शेत आलं आणि आबांनी त्यांची आवडती गोष्ट सुरू केली. घरातल्या पोराटोरांनी ती शंभरदा ऐकलेली. १९७२ चा दुष्काळ. पाऊस असा गेला की बंधाऱ्याच्या भिंतीवरून पाणी पडलंच नाही. दसऱ्यानंतर मारुतीच्या पारावर गाव बसलं. पाटकऱ्याने पाणी किती ते सांगितलं. चारांपैकी एकच फड भिजेल, तिथे गहू, बाकीचे तीन पडू द्यायचे. कुरकुर झाली, पण ठरलं. ज्याचं त्याचं नुकसान सारखंच होतं, कारण पडलेल्या फडांत सगळ्यांचेच तुकडे होते.

हे रस्त्याकडचं शेत ज्याचं, त्याच्या मुलीची सोयरीक त्या साली जमत होती. वरपक्षाची माणसं याच रस्त्याने येणार. आपलं रान उघडं दिसेल, लोक म्हणतील यांच्याकडे काही राहिलं नाही, या लाजेपायी त्या माणसाने पडलेल्या फडात गहू पेरला आणि रात्री पाट फोडून पाणी नेऊ लागला. उगवण झाली, आठ-पंधरा दिवस रान हिरवं दिसलं. मग पाणी कमी पडलं, गहू घोट्याएवढा होऊन पिवळा पडला. इकडे भिजणाऱ्या फडाच्या शेवटच्या टोकाला ऐन दाणा भरायच्या वेळी पाणी पोचलं नाही. त्या टोकालाच त्या माणसाचाही एक तुकडा होता. आबांच्या वडिलांनी त्याला फुटक्या पाटापाशी धरला तेव्हा तो हातात फावडं घेऊन उभा होता आणि रडत होता.

"दोन्हीकडचं गेलं त्याचं," आबा म्हणाले. एरवी या जागी ते हसत.

आक्का थांबली. "आणि बाकीच्यांनी काय केलं, त्या पडलेल्या फडांचं?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. आबांनी जरा आठवलं. काय करणार? बांध फुटले होते ते नीट केले. काडीकचरा वेचला. पाटातला गाळ काढला. नांगरून ठेवलं. "पडेल फडले कोनी नाव ठेवत नही माय. पानी कितलं शे, ते पहिले दखनं पडस."

"आणि पुढच्या वर्षीही पाणी आलं नाही तर?"

आबांनी खांदे उडवले. "मंग पुन्हा बसनं. पुन्हा मोजनं."

एवढंच बोलणं झालं. त्या रात्री तिला झोप लागली असं काही झालं नाही. पहाटे साडेतीनला ती जागीच होती, पण नेहमीचा प्रश्न, तुला एवढंही जमत नाही का, जरा उशिराने आला. तेवढ्या वेळात तिने आणखी एका गोष्टीचा विचार करून घेतला होता. तीही रोज रात्री पाट फोडत होती. लोकांना रान हिरवं दिसावं म्हणून.

जळगावला परतल्यावर तिने शाळेच्या जुन्या वहीत चार चौकोन काढले. शाळा, घर, नातीगोती, आणि चौथा स्वतःचा. त्यात गोळ्या, झोप, मेहरूण तलावाला संध्याकाळची एक फेरी. रविवारी बसून ठरवायचं, या आठवड्यात पाणी किती. पहिला महिनाभर शाळा आणि चौथा चौकोन, एवढंच भिजलं. घरी वरणभात आणि जे होईल ते. लग्नं दोन होती, दोन्हीला नवरा एकटाच गेला. सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आमच्या वेळी आजारी पडायलाही सवड नव्हती." खरंच नव्हती, आणि त्याची किंमत त्यांनी काय मोजली हे त्यांना कुणी कधी विचारलं नाही. आक्काने उत्तर दिलं नाही. मात्र पहिल्यांदाच, त्या वाक्यानंतर उठून पोळ्या लाटायलाही गेली नाही.

जूनमध्ये गोळ्यांचा गुण दिसू लागला. भूक परतली. वर्गात एका पोराने कविता म्हणताना चाल चुकवली आणि सगळ्यांबरोबर तीही हसली. घरी येताना आपण हसलो हे आठवून तिला नवल वाटलं. मग श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोटांचे गहू, घर सारवणं, भाऊबंद गोळा होणं, सगळ्यांचं जेवण. आक्काला बरं वाटत होतं. तिने वही न उघडता सांगून टाकलं, या वर्षी सगळं मी करते. आणि केलंही, जुन्या उरकाने. सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं, मंगळवारी ती अंथरुणातून उठू शकली नाही. दहाबारा दिवस पुन्हा सगळं काळवंडलं. एका रात्री मनात नको ते विचार दाटून आले तेव्हा तिने नवऱ्याला हलवून उठवलं आणि त्याच्यासमोर १४४१६ लावला. पलीकडच्या बाईने घाई केली नाही. बोलणं संपेपर्यंत नवऱ्याने चहा केला होता.

पुढच्या तपासणीला तिने समुपदेशकांना सांगितलं, "मी पुन्हा हरले." त्यांनी तिला अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. एलिस यांनी १९५५ पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. आपल्याकडे मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. एलिस यांचं एक म्हणणं असं की कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. कानबाईचं सगळं अंगावर घेणं हा चुकीचा निर्णय, इतपत ठीक. त्यावरून आक्का नावाच्या बाईची किंमत काढायची गरज नाही. जन्मभर पोरांच्या वह्यांवर गुण देत आलेल्या आक्काला हे पटायला वेळ लागला. पोरगं गणितात नापास झालं तर आपण त्याला नापास पोरगं म्हणत नाही, असं ती आधी म्हणाली. मग गप्प झाली, कारण शाळेत आपण नेमकं तेच म्हणतो.

मला स्वतःला वाटतं, या आजाराबद्दल बोलताना आनंद हा शब्द आपण फार लांबणीवर टाकतो. आधी बरं होऊ, मग सुखाने जगू. ज्याचा आजार पूर्ण जाईल त्याने तसं म्हणावं. ज्याच्याकडे तो येत-जात राहणार, त्याने किती वर्षं थांबायचं? डॉक्टरही उलटच सांगतात, मन लागेल तेव्हा करू म्हणून बसू नका. आधी छोटंसं काहीतरी करा, मन मागून येतं. मात्र छोटंसंच.

नोव्हेंबरात शाळेच्या लोकांनी यावलकडे एका शेतात भरिताचा बेत केला. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी मुसळीने ठेचायची, कळण्याच्या भाकरीशी खायची, संध्याकाळ होईस्तोवर गप्पा. आक्काने वहीत पाहिलं आणि कळवलं, मी येईन, पण एकच तास. लोकांना ते चमत्कारिक वाटलं. ती गेली, केळीच्या पानावर दोनदा वाढून घेतलं, मिरचीने डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सगळ्यांदेखत नाक पुसलं, आणि तासाभराने खरंच उठली. "भांडी कोण घासणार?" कुणीतरी थट्टेने विचारलं. "तुम्ही," ती म्हणाली आणि गाडीत बसली. परतताना नवऱ्याला तिने वाटभर त्या भरिताबद्दल सांगितलं, तेल जरा जास्त होतं, कांद्याची पात मात्र झकास. असं कशाबद्दल तरी सलग बोलताना त्याने तिला वर्षभरात ऐकलं नव्हतं.

गोळ्या चालू आहेत. डिसेंबरात एक आठवडा वाईट गेला. सासूबाई अजून कुरकुरतात, पण आताशा रविवारी त्याच विचारतात, "काय ग, या हप्त्यात काय काय व्हायचं?" आणि जे व्हायचं नाही ते शेजारणीला स्वतःच सांगून येतात, कधी कौतुकाने, कधी तक्रारीने.

परवा शाळेत मधल्या सुट्टीत गणिताच्या सरांनी तिला बाजूला घेतलं. इकडे-तिकडे बघत म्हणाले, "मॅडम, तुम्ही ते सिव्हिलला जाता ना... माझ्या ओळखीत एक जण आहे. झोप नाही त्याला, महिना झाला. त्याला विचारायचं होतं."

आक्काने ओळखीतला तो कोण, हे विचारलं नाही.

"सकाळी लवकर जायला सांगा सर, केस पेपरला रांग असते," ती म्हणाली. "आधीच्या काही गोळ्या, रिपोर्ट असतील तर सोबत घ्या म्हणावं. आणि एकट्याने जाऊ नका, घरातलं कुणीतरी बरोबर न्या."